स्पेलिंग सांगणारी ताई

बारावीनंतर माझ्या मैत्रिणी पांगल्या. दोघी नर्सिंगला नागपूरला गेल्या, एकीचं लग्न झालं, बाकीच्यांनी गोंदियात बीएला नाव घातलं. मी मात्र वर्षभर थांबून दिल्लीतल्या एका विद्यापीठाची प्रवेश परीक्षा द्यायचं ठरवलं. बाकी विषय जमत होते, इंग्रजी अडत होतं. उतारा वाचायला घेतला की ओळीओळीला अनोळखी शब्द. म्हणून शब्दांचं एक जाड पुस्तक आणलं आणि गोंदियाजवळच्या गोरेगावच्या अभ्यासिकेत खुर्ची धरली.

तिथले सगळे पोलीस भरती नाहीतर तलाठ्याच्या परीक्षेचा अभ्यास करायचे. दुपारी चहा घेत एकमेकांना प्रश्न विचारायचे. एकाने माझं पुस्तक उघडून पाहिलं, "ये अपने काम का नहीं," म्हणाला आणि परत ठेवलं. त्यानंतर माझ्याशी बोलायला कोणाला कारणच उरलं नाही. काही दिवस तर एसटीच्या कंडक्टरशिवाय दिवसभर कोणाशी शब्द बोललेली नसायची मी.

घरी एकदा आईला सांगितलं, "रिलक्टंट म्हणजे मन नसताना तयार होणारा."

ती धान पाखडत होती. म्हणाली, "मंग मन नाही म्हण ना. कायले एवढा मोठा शब्द?"

त्यानंतर मी घरी इंग्रजी शब्द काढले नाहीत.

जानेवारीत शेजारच्या खुर्चीवर एक ताई येऊ लागली. माहेर कामठ्याचं, गोरेगावात दिलेली, चार वर्षांच्या मुलाची आई. पोलीस भरतीची तयारी करत होती, सकाळी मैदानावर धावून यायची. एकदा डबा खाताना तिने विचारलं, "काऊन वं, दिवसभर ओठ हालवत रायतेस?"

"शब्द पाठ करून राहिली, ताई."

"आण इकडं पुस्तक."

तिला ते शब्द वाचता येत नव्हते, पण अक्षरं येत होती. ती एकेक अक्षर सांगायची, मी शब्द जुळवून अर्थ सांगायची. अर्थ हिंदीत छापलेला होता, त्यावर ती अंगठा ठेवायची. परीक्षक कडक होती.

"हिचकिचाना लिहिलं आहे. तू घाबरणं म्हटलं. चूक."

मग मी तिला सामान्य ज्ञानाचे प्रश्न विचारायची. एका सकाळी ती धापा टाकत आली आणि म्हणाली, "माझं पोरगं आज लई ऑब्स्टिनेट करून रायलं होतं." आदल्याच दिवशी आम्ही 'ऑब्स्टिनेट म्हणजे हट्टी' केलं होतं. मी हसले. त्या खोलीत मी पहिल्यांदाच हसले असेन.

मार्चमध्ये ती यायची थांबली. रोजच भेटायचो, म्हणून फोन नंबर घ्यायचं सुचलंच नव्हतं. अभ्यासिकेच्या काकांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "धावण्यात नापास झाली ते. घरच्यायनं आता बस म्हटलं."

आठवडी बाजारात दिसेल म्हणून मी पुढच्या बाजारी तिथे फिरले. भाजीच्या रांगेत ती सासूबरोबर उभी होती. माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "अभ्यास चालू आहे ना?"

"हो. तुमची खुर्ची रिकामीच आहे."

सासूने विचारलं, "कोण वं हे?"

"अभ्यासिकेतली पोरगी आहे," ती म्हणाली आणि वांगी निवडायला वाकली. मी बसस्टँडकडे चालू लागले.

उरलेली पानं मी एकटीनेच केली, स्वतःच अर्थावर अंगठा ठेवून. परीक्षा बरी गेली, नंबर लागला. सांगायला दोन बाजार फिरले, पण ती दिसली नाही. घर कोणतं ते विचारून जाता आलं असतं. सासूसमोर तिला काय वाटेल, या विचाराने गेले नाही. अजून ते मनाला लागून आहे.

आता दिल्लीत हॉस्टेलला आहे. पाठ केलेल्या शब्दांपैकी फार थोडे इथे कोणी बोलतं. मजल्यावर मराठी मुलगी नाही. आई फोनवर रोज विचारते, "बोलाले कोणी भेटलं का?"

"भेटंल," मी म्हणते, आणि जेवण काय केलं ते तिला विचारते.