मी एआयला विचारलं

यंत्राला विचार करता येत नाही, हे मी जळगावात मेहरूणपासून स्टेशनपर्यंत, जिथं माईक मिळेल तिथं सांगत होतो. तर्कशास्त्र शिकवतो ना मी! एआय म्हणजे नुसता पोपट, असं म्हटलं की टाळ्या हमखास.

म्हणूनच धुळ्याच्या वादविवाद स्पर्धेआधी मी वर्गाला हाच विषय लिहायला दिला. ज्याचं सगळ्यांत चांगलं, तो एकटा कॉलेजतर्फे जाणार होता. शिरपूरकडच्या एका मुलीनं लिहिलं होतं, "आमचे आबा मोटारीचा नुसता आवाज ऐकून बेअरिंग गेलंय म्हणून सांगतात. कसं कळलं, ते त्यांना सांगता येत नाही. मग आबांनी विचार केला की नाही? केला असेल, तर विचार कसा केला हे दाखवायची सक्ती एकट्या यंत्रालाच का?"

मी चमकलो. ही पोर वर्गात अहिराणीशिवाय बोलत नाही, 'आहे'ला 'शे' म्हणते, आणि कागदावर असली स्वच्छ मराठी? मी तिचा मजकूर मोबाईलवर टाकला आणि एआयलाच विचारलं, "हे तूच लिहिलं आहेस ना?" होय, हे बहुधा यंत्रानंच लिहिलंय, असं उत्तर आलं. वर चार कारणंही दिली होती.

ती कारणं मी भर वर्गात वाचून दाखवली. "तोंडात 'शे' आणि कागदावर हे? कुणाला शेंडी लावतेस?" पोरं खो खो हसली.

ती उभीच होती. "सर, मीच लिखेल शे. तुम्ही तसं इचारं, म्हनीसन ते हो म्हने. आते उलटं इचारी दखा ना."

"खाली बस!" मी ओरडलो आणि स्पर्धेसाठी धरलेलं तिचं नाव खोडलं.

घरी गेल्यावर मात्र राहवेना. उलटं विचारलं, "हे त्या मुलीनं स्वतःच लिहिलंय ना?" होय, यात स्वतःचा अनुभव स्पष्ट दिसतो, असं उत्तर आलं. पुन्हा चार कारणं. माझी कानशिलं तापली. ज्याला गावभर पोपट म्हणत होतो, त्याच्याच साक्षीवर मी पोरीला चोर ठरवलं होतं. तिनं उभ्या उभ्या जे सांगितलं, त्याला विचार नाही तर काय म्हणायचं? तर्कशास्त्राचा प्राध्यापक म्हणे, डोंबल!

स्पर्धेला अजून तीन दिवस होते. नाव बदलता आलं असतं. पण वर्गापुढं चुकलो म्हणायची छाती झाली नाही. मी दुसऱ्याच मुलाला पाठवलं.

खरी लाज त्याहून जुनी आहे. मीही त्याच मुलखातला, साक्रीकडचा. घरात सगळी अहिराणी, नोकरी लागल्यावर ती मी जिभेवरून घासून काढली. तिच्या तोंडचं 'शे' ऐकलं की मलाच उघडं पडल्यासारखं व्हायचं.

स्पर्धा झाल्यावर मी तिला व्हरांड्यात गाठलं. कितीतरी वर्षांनी ती बोली तोंडात आली. "चूक मनी शे, बेटा. तूच लिखेल व्हतं."

तिनं माझ्याकडं नीट पाहिलं. "काही हरकत नाही सर," ती म्हणाली. "यापुढे मी लक्षात ठेवीन."

तेव्हापासून ती वर्गात शुद्ध मराठीत बोलते. तेही विचारलं तरच.