टेकूंखालच्या चार जागा

"लाल दिसलं की निळं लावायचं, इतकंच तर आहे," ताई एकदा म्हणाली होती. नवी भावजय कौतुकाने तिच्या कामाबद्दल विचारत होती, आणि ताईला कौतुकाचं वावडं.

इतकंच अर्थात नव्हतं. शिडाच्या बोटीच्या तळाला आधी लाल थर देतात, त्यावर दोन निळे. रंगात विष असतं, म्हणून शिंपले चिकटत नाहीत. पण पाणी वर्षभर त्या निळ्याला चाटत राहतं. कुठे लाल उघडं पडलं की समजायचं, इथे झीज झाली. ताई उकिडवी बसून ते डाग शोधायची. सुकाणूचा काठ, पुढच्या टोकाची कड, पाण्याच्या रेषेखालची वीतभर पट्टी. मग तेवढीच जागा ओल्या वॉटरपेपरने घासायची. कोरडं घासलं तर विषाची धूळ छातीत जाते. तिची नखं कायम निळी. बोटदुरुस्तीच्या आवारातली माणसं म्हणत, ताईला बारा महिने थंडी वाजते.

आवाराचा मुकादम तिचा धाकटा भाऊ. दोघं राहायचीही एकाच घरात.

गेल्या वर्षी एका निवृत्त मास्तरांची लाकडी बोट आली होती. रंगवताना बोट चार टेकूंवर उभी असते, आणि टेकूंखालच्या तळहाताएवढ्या चार जागा तशाच राहतात. शेवटी क्रेनने बोट उचलली, टेकू निघाले, की त्या रंगवायच्या, वाळू द्यायच्या, मगच बोट पाण्यात. पण त्या दिवशी क्रेन दुसरीकडे हवी होती. भाऊ म्हणाला, राहू दे गं, पाण्याखाली कोण बघायला जातंय. एकतीस वर्षांच्या कामात ताईने पहिल्यांदा असं कुणाचं ऐकलं आणि त्या जागा तशाच सोडल्या.

यंदा बोट वर आली तेव्हा सगळा तळ स्वच्छ होता आणि बरोबर चार ठिकाणी शिंपल्यांचे गठ्ठे. एका गठ्ठ्याखालची फळी किड्याने पोखरलेली. मास्तर तापलेल्या पोराचं कपाळ बघावं तसा त्या फळीवरून हात फिरवत राहिले. भाऊ त्यांना हळूच म्हणाला, "ताईचं वय झालं हो. हल्ली नीट दिसत नाही." ताई बोटीच्या पलीकडे ब्रश धूत होती. लाकूड जाड असतं, पण शब्द अडवण्याइतकं नाही.

मास्तर भिडस्त. यंदा तिलाच करू द्या, पुढच्या वर्षी दुसरं कोणी बघू, एवढंच म्हणाले.

घरी ताईने भांडण काढलं नाही. भावाने मीठ मागितलं की वाटी सरकवायची, बस्स. त्यापेक्षा भांडण परवडलं असतं, असं भावजय म्हणायची.

फळी बदलून झाली. ताईने तीन दिवस एकेक लाल डाग हुडकून झाकला. चौथ्या दिवशी सकाळी भरतीला क्रेन आली, बोट पट्ट्यांत उचलली गेली, टेकू निघाले. ताई डबा घेऊन पुढे झाली.

"ताई, बाजूला हो. पाणी उतरायला लागलंय," भाऊ म्हणाला.

"मग मला बोटीसकट सोड खाली."

क्रेनवाल्याने इंजिन बंद केलं. मुकादमाच्या बहिणीला बुडवायचं काम आपल्याकडे नाही, असं म्हणत त्याने बिडी पेटवली. भाऊ आधी चिडला, मग समजुतीने बोलला, मग आईची आठवण काढली. ताई घासत होती. तिने चारही जागा पुसल्या, लाल लावलं आणि वाळेपर्यंत उलट्या बादलीवर बसून राहिली. पाणी पार ओसरलं. बोट अधांतरीच राहिली. ऊन फिरलं तशी तिने बादली सरकवली, उठून पहिलं निळं लावलं, मग दुसरं.

संध्याकाळच्या भरतीआधी मास्तर आले. बोट अजून टांगलेली बघून त्यांनी विचारलं, काय झालं. सगळे मुकादमाकडे बघू लागले. तो काहीही सांगू शकला असता. एकदा सांगून झालंच होतं.

"गेल्या वर्षी या जागा मीच सोडायला लावल्या होत्या," तो म्हणाला. "तिला दिसत होत्या."

मास्तरांनी वाकून त्या नव्याने रंगवलेल्या चार जागा पाहिल्या. मग ताईजवळ जाऊन त्यांनी विचारलं, पुढच्या वर्षीही तुम्हीच कराल ना?

ताईने डब्याचं झाकण अंगठ्याने चारी बाजूंनी दाबलं, हात फडक्याला पुसले, डबा भावाच्या हातात दिला आणि फाटकातून बाहेर पडली.