पहिल्या भागात मेलेला माणूस

मी आणि माझ्या बायकोनं मिळून केलेली शेवटची साधी गोष्ट म्हणजे एका सिनेमाचा दुसरा भाग पाहिला. भंडाऱ्याच्या टॉकीजमध्ये, दुपारचा खेळ. सकाळी तिनं बाजारात मासे विकले, पाटी शेजारच्या भाजीवालीजवळ ठेवली, नळावर बेसन लावून कोपरापर्यंत हात धुतले आणि मला म्हणाली, "चला न जी, सुरू होऊन जाईल."

बेसनानं माशाचा वास जात नाही. मध्यांतर होईपर्यंत आमच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. तिला त्याचं काही नव्हतं. तिनं एका खुर्चीवर पिशवी ठेवली, पाय लांब केले अन् म्हणाली, "पाहा, कसे मालगुजारावानी बसलो."

सिनेमाचं नाव सांगत नाही. आजकाल नावाला काही अर्थ राहिला नाही. जुन्या नावापुढं आकडा लावला की झाला नवा सिनेमा.

त्याचा पहिला भाग आम्ही आधी पाहिला होता. त्यात शेवटी हिरो मरतो. पुलावर त्याला गोळ्या लागतात, तो बायकोकडं पाहत पाहत मागच्या मागं नदीत पडतो. आमची ही तेव्हा अशी रडली की पुढच्या रांगेतल्या बाईनं वळून पाहिलं. माझेही डोळे भरले होते, खोटं कायले बोलू. घरी येऊन ती धड जेवलीही नाही. आमच्या घरचंच माणूस गेल्यासारखं झालं होतं.

आणि दुसऱ्या भागात तोच माणूस दाढी वाढवून डोंगरावरून खाली येतो. कोण्या म्हाताऱ्यानं त्याला पाण्यातून काढला, छातीवर पाला बांधला, झालं. पोरं शिट्ट्या मारत होती. ही टाळ्या वाजवत होती. माझं डोकं फिरलं.

खेळ सुटल्यावर आम्ही ठेल्यावर आलूबोंडा-तर्री खाल्ली. ऑटोवाला सवारी भरल्याशिवाय निघेना, म्हणून कारध्याकडं नदीच्या पुलावरून पायीच निघालो. घर पलीकडंच आहे.

"मेला होता तो," मी म्हणालो.

"पाण्यात पडला होता. मेला म्हणून कोनं पाह्यलं?"

"छातीत गोळ्या लागल्या होत्या व."

"मंग? बचला."

"बचला त तू पहिल्या भागात रडली कायले? आता जा अन् त्याईले म्हन, माह्य रडनं वापस द्या."

"माह्य पानी, मी सांडलं. तुमचं काय गेलं?"

"मेलेलं मानूस वापस आलं की सिनेमा मरते."

ती कठड्याला हात लावून थांबली. दम लागला होता. मला वाटलं, चालून चालून लागला असेल. श्वास खाली बसल्यावर म्हणाली, "तुमाले कोनीच वापस आलेलं खपत नाही. माहा भाऊ दुसऱ्यांदा आला की तुमचं तोंड असंच होते."

मी चौथीपर्यंत शिकलो. नदीवर आणि तलावात मासे मारण्यात जन्म गेला. सिनेमाबद्दल बोलायचा तुला काय हक्क, असं कोणी म्हणेल. पण जो तिकीट काढून बसला त्याला हक्क असतो. उठून जायचा हक्क आहे, तसा बोलायचाही आहे.

तर माझं म्हणणं असं. पहिला सिनेमा करणाऱ्याजवळ सांगायला काही असते. दुसरा भाग करणाऱ्याजवळ पहिल्या भागाची गर्दी असते, बस. पहिल्यात हिरो एका माणसाला मारतो तर आपल्याला घाम फुटतो. दुसऱ्यात शंभर मारतो, आणि आपण चिवडा खात असतो. पहिल्यात बायको बोलते, भांडते. दुसऱ्यात ती फोटोत असते, नाहीतर खांबाला बांधलेली असते. आणि शेवटी आपण उठायला गेलो की पडद्यावर लिहून येते, तिसरा भाग लवकरच. म्हणजे तिकीट पुऱ्याचं घेतलं अन् दाखवलं अर्धं. बाजारात अर्धी मासोळी देऊन बाकीची पुढच्या सालाला देतो म्हटलं, तर गिऱ्हाईक आमच्या अंगावर येईल.

जुन्याचं नवं करतात तेही मला पटत नाही. लग्न झाल्यावर आम्ही पहिला सिनेमा जत्रेत पाहिला होता, तंबूत, खाली बसून. तिची मावशी एकोडीला राहायची, तिच्याकडं गेलो होतो. त्या सिनेमात नवरा गेल्याचा निरोप येतो तेव्हा बाई चुलीपुढं बसलेली असते. ती काही बोलत नाही. तव्यावरची भाकर जळते, धूर निघतो, एवढंच दाखवलं होतं.  आता त्याचं नवं केलं. तेच नाव, तीच कहाणी. नव्यात निरोप आला की वीज चमकते, बाई पावसात धावत सुटते आणि मागं गाणं लागते. धावून धावून तिचे केस भिजत नाहीत.

मी घरी येऊन शिव्या दिल्या. तर ही म्हणाली, "त्यात काय एवढं? मासोळी तीच, हात दुसरा. तुमच्या मायच्या हातचं कालवन अन् माह्या हातचं एक लागते का?"

"मायनं रांधलेलं कालवन पुन्हा चुलीवर ठेवून तू आपलं म्हनून वाढत नाही."

"वाढलं होतं. लग्नाच्या पयल्या साली. दोन डाव मागून खाल्लं तुमी."



पण एका गोष्टीत आमचं दोघांचं एकमत होतं. आम्ही दोघंही मंडईतली नाटकं पाहत वाढलो. दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते, पाहुणे येतात, नाटक होते. तेच नाटक यंदा या गावात, पुढच्या साली त्या गावात, दुसरे नट घेऊन. त्याचा मला कधी राग आला नाही. काहून आला नाही, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. नाटकात मेलेला माणूस पडदा पडल्यावर उठतो आणि मागं जाऊन चहा पितो, हे आम्ही लहानपणी कनातीच्या फटीतून पाहिलं आहे. पण त्या नाटकात तो मेलेलाच राहतो. दुसऱ्या गावात पुन्हा पहिल्यापासून जगतो आणि पुन्हा मरतो. कोणी असं म्हणत नाही की परवा तुम्ही रडले ते फुकट रडले.

हे मी तिला पुलावर सांगितलं असतं. तेव्हा सुचलं नाही. तेव्हा मी एवढंच म्हणालो, "तिसरा भाग लागला त मी नाही येणार."

"नका येऊ. मी जाईन एकटी."

तिसरा भाग लागला की नाही, मला माहीत नाही.

त्याच आठवड्यात ती गेली. सकाळी अंगणात मासे निवडता निवडता तिनं विळी बाजूला सारली आणि भिंतीला टेकली. म्हणाली, "जीव घाबरून राहिला." मी तिला धरून घरात आणलं, दाराच्या आत चटईवर टेकवलं. "पानी द्या जी," म्हणाली. मी पाणी घेऊन आलो तोवर तिला पाणी लागत नव्हतं.

आमची एकच लेक, दिघोरीला दिलेली. ती आली तेव्हा मायचे हात लाकडासारखे झाले होते. मायलेकींचं शेवटचं बोलणं फोनवर झालं होतं, तेही भांडणाचं. माय म्हणत होती, दोन दिवस ये. लेक म्हणत होती, धान कापणीवर आलं आहे, रोज रोज काय ये ये लावलं. रागानं फोन ठेवला होता. तेच तिच्या मनात बसलं. पाहुण्यांपुढं रडत नव्हती, भांडी घासताना रडायची.

आमच्या घरात अशी रीत आहे. दहाव्याच्या संध्याकाळी, जिथं जीव गेला ती जागा शेणानं सारवतात. तांदळाचं पीठ चाळून पातळ पसरतात, त्यात दिवा ठेवतात, वरून टोपली झाकतात. सकाळी टोपली उचलून पाहतात. गेलेलं माणूस घर पाहायला आलं असेल तर पिठात खूण उमटते. पाखराची उमटते, मासोळीची उमटते, कोणाकोणाच्या घरी लहान पाय उमटले म्हणतात.

लेक म्हणाली, "एक डाव आली न बाबा, त मी समजीन का तिचा राग गेला."

मी जसा आहे तसाच बोललो. "मेलेलं मानूस येत नसते, बाई."

"तुमी चूप राहा. सिनेमात बी मानत नाही अन् घरात बी मानत नाही."

माझ्या मोठ्या भावाची बायको, वयनी, तिच्या हातानं सगळं झालं. भाऊ तर केव्हाच गेला, अशा कामाला आमच्यात आता तीच मोठी. पीठ पसरलं, दिवा लावला, टोपली झाकली. घरी जाताना मला म्हणाली, "दार लोटून ठेवजा, भाऊजी. कडी नका लावजा."

मी हो म्हटलं. आणि झोपायच्या आधी उठून कडी लावली.

मुद्दाम नाही लावली. मासे धरणाऱ्याच्या घराला मांजरं सोडत नाहीत. सूप सरकवतात, झाकण पाडतात, खुंटीवरचं जाळं सुद्धा ओरबाडतात. जन्मभर रात्री मी शेवटचा उठतो, हात वर करतो, कडी लावतो. सुतकात घरात मासोळीचा काटाही नव्हता, तरी हात गेला. कडी लावल्याचं मला आठवतही नव्हतं.

सकाळी वयनी आली तर दार उघडेना. तिनं कडी वाजवली तेव्हा मी उठलो. दार उघडलं. तिनं कडीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि आत आली. लेक उठून बसली होती. तिनंही पाहिलं होतं.

टोपली उचलली. पीठ जसंच्या तसं. दिवा विझलेला, भोवती एक रेघही नाही.

मी कडेला उभा होतो. मी मानत नव्हतो, तरी मान लांब करून पाहत होतो. सारा वेळ पाहत होतो.

लेक पिठाकडंच पाहत म्हणाली, "आली असन. दार बंद पाहून गेली असन वापस."

मला उद्देशून ती बोलली नाही. बोलली असती तर मी उत्तर दिलं असतं. म्हटलं असतं, जी जाळल्यावर येऊ शकते तिला टिनाच्या कडीचं काय. हे मी कोणालाही म्हटलं असतं.  पण माझ्या डोळ्यांपुढं तिची माय दारात उभी होती, हातात पाटी, जशी बाजारातून यायची तशी, आणि आतून कडी.

"वयनी," मी म्हणालो, "आज सांजच्याले पुन्हा मांडा."

"सिनेमा आहे का भाऊजी, पुन्हा लावाले? एकच डाव असते ते."

"माह्या हातानं मोडलं. माह्या हातानं मांडतो."

"लोक काय म्हनतीन?"

"लोकाईले मी कधी विचारलं?"

 तिनं लेकीकडं पाहिलं, आणि म्हणाली, "पीठ बारीक चाळा मंग. जाड राहिलं त दिसत नाही काही."

त्या संध्याकाळी तांदूळ मी जात्यावर दळले. चाळले मी. माझ्या हातानं पीठ सारखं बसेना, एकीकडं ढीग होई, तेव्हा लेकीनं हात दिला. दाराला मी आतून दगड लावला, ते वाऱ्यानंही मिटू नये म्हणून.

दुसऱ्या सकाळी वयनी आली तेव्हा आम्ही दोघं बापलेक उठून बसलो होतो. दार सताड उघडं होतं. लेक म्हणाली, "तुमी उचला, बाबा."

मी उचलली. पिठात एक बारीक रेघ होती. कडेपासून निघाली होती, दिव्यापर्यंत गेली होती, तिथून थोडी वळली होती.

वयनी वाकली. "मासोळीची शेपटी आहे," ती म्हणाली. लेक दोन्ही हातांनी तोंड दाबून खाली बसली. आता ती सगळ्यांपुढं रडत होती.

रेघ जिथं संपली होती तिथं एक काळी मुंगी होती. पाठीवर पीठ घेऊन हळूहळू चालत होती. मला दिसली. वयनीलाही दिसली असेल, तिचे डोळे माझ्यापेक्षा चांगले आहेत.

"बाबा," लेक म्हणाली, "तुमाले काय वाटते? आली होती न?"

"दार उघडं होतं, बाई," मी म्हणालो.

ते पीठ नदीत सोडायचं असते. मी ताटली आणली, खाली बसलो. पीठ भरायच्या आधी मुंगीला बोटावर घेतलं आणि भिंतीजवळ सोडलं. मग हातानं सगळं पीठ गोळा केलं आणि ताटली घेऊन नदीवर गेलो.