साडूभाऊंचं सोमवारचं रक्त

आमच्या साडूभाऊंनी आजवर एकाही माणसाला माणूस म्हणून पाहिलेलं नाही. त्यांना दिसते ती रक्ताची नळी, वर चेहरा बसवलेली. माझ्या लग्नात मी वाकून नमस्कार केला, तर आशीर्वाद देता देता त्यांनी माझ्या कोपरातली शीर चाचपली आणि मेहुणीला, म्हणजे तासाभरापूर्वी माझी बायको झालेलीला, सांगितलं, "स्थळ उत्तम. शीर पटकन सापडते."

पुढे बँकेने मला कोलकात्याला फेकलं आणि सॉल्ट लेकमध्ये त्यांच्यापासून दोन गल्ल्यांवर आम्ही राहायला आलो, तेव्हा त्या आशीर्वादाचा अर्थ कळला. सेक्टर फाइव्हमधल्या एका औषध कंपनीत ते शास्त्रज्ञ. नवं औषध हृदयाला मानवतंय की नाही हे बघायला माणसाला झटका येण्याची वाट पाहत बसणं बरं दिसत नाही, म्हणून ते रक्तातल्या एका चिमुकल्या प्रथिनाकडे चौकशी करतात. हृदयावर ताण आला की ते वाढतं. "माणूस 'मी बरा आहे' म्हणतो, त्याला काडीचा अर्थ नाही," साडूभाऊ सांगतात. "माणूस थापा मारतो. प्रथिन मारत नाही." निरोग्यांचं रक्तही त्यांना लागतंच, त्यामुळे इथल्या मराठी मंडळात त्यांना नळी भरून न दिलेला प्राणी उरलेला नाही. गणपतीच्या आरतीला दमट उकाड्यात लोक पूर्ण बाह्यांचे शर्ट घालून येतात, ते काही भक्तीने नव्हे.

हावड्याच्या दवाखान्यातून नमुने आणायचे तर ते ड्रायव्हरवर विसंबत नाहीत. बर्फाचा डबा मांडीवर घेऊन स्वतः फेरीबोटीत बसतात. आता कोलकात्यात बर्फाच्या डब्यात इलिश मासाच असणार, याबद्दल ब्रह्मदेवालाही शंका नसते. एकदा शेजारच्या बंगाली काकांनी डब्याकडे वात्सल्याने बघत विचारलं, "किती किलोचा?" साडूभाऊ खोटं कसले बोलतात! "चाळीस माणसांचं आहे," म्हणाले. अख्खा बाक रिकामा झाला. दोघे तर हुगळीत उडी टाकायच्या बेतात होते, मी डोळ्यांनी पाहिलंय.

पण त्यांचं खरं व्रत सोमवारचं. आठवड्याचं काम सुरू होण्याआधी, उपाशीपोटी, ते पहिल्यांदा स्वतःचं रक्त मशीनवर चढवत. आकडा नेहमीचा आला की मशीन शहाणं, मग बाकीच्यांचं रक्त. वर्षानुवर्षं हेच. घड्याळं तोफेवर लावावीत तसं ते मशीन साडूभाऊंवर लावलेलं होतं.

गेल्या वर्षी एका सोमवारी आकडा चढला. साडूभाऊंनी रसायनाची बाटली बदलली. पुढच्या सोमवारी आणखी चढला. त्यांनी एसीला दोष दिला, मग विजेला, मग कोलकात्याच्या हवेला. इंजिनिअर तीनदा आला, मशीनचं पोट उघडून शिवून गेला. आकडा चढतोच आहे! त्याच दिवसांत मेट्रोच्या जिन्यावर त्यांना धाप लागायला लागली. तिथेही त्यांचं शास्त्र तयार. "पायऱ्या उंच केल्यात यांनी. टेप धरा बघू." भर गर्दीत त्यांनी खिशातली टेप काढली. एक टोक मी धरलं आणि पोट धरून हसलो. एकेक पायरी सहा इंच भरली. "टेप सैल आहे," साडूभाऊ म्हणाले.

शेवटी त्यांच्या प्रयोगशाळेतल्या मीरादींनी, रिटायर व्हायला आलेल्या बाई, काय केलं, तर गुपचूप स्वतःचं रक्त मशीनवर चढवलं आणि मला बोलावून माझंही. दोन्ही आकडे सरळ. मग साडूभाऊंसमोर उभ्या राहून शांतपणे म्हणाल्या, "दादा, मेशिन ठीक आछे. आपनि ठीक नेई."

साडूभाऊंनी कागद उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाले, "पुन्हा चालवा." मीरादींनी त्यांची पिशवी उचलली आणि टॅक्सी बोलावली.

हृदयाच्या दोन रक्तवाहिन्या जवळजवळ बंद निघाल्या. आणखी एक सोमवार मशीनला शिव्या देण्यात गेला असता तर काय, ते डॉक्टर बोलले नाहीत आणि आम्ही विचारलं नाही. आयसीयूत शुद्धीवर आल्यावर साडूभाऊंचे पहिले शब्द होते, "नमुना बर्फात ठेवलात ना?" त्यांची बायको, आमची ताई, डोळे पुसता पुसता कडाडली, "माझं कधी ऐकलं नाहीत, ठीक आहे. निदान स्वतःच्या रक्ताचं तरी ऐकायचं होतंत!" ते ओशाळले. आयुष्यात पहिल्यांदाच.

आता सोमवारी मशीन माझ्या रक्तावर लावतात. "साडूभाऊ, डावा हात," म्हणत ते स्वतःच सुई टोचतात, आणि हल्ली काम झाल्यावरही माझं मनगट जरा जास्तच वेळ धरून ठेवतात. आकडा येईपर्यंत मला चहा मिळत नाही. आला की म्हणतात, "मशीन बरं आहे," आणि दुसरीकडे बघतात.

त्यांचं हृदय थोडं थकलं ते थकलंच. मेट्रोच्या जिन्यावर सातव्या पायरीशी ते थांबतात आणि चपलेचा बंद नीट करायला लागतात. त्या चपलेला बंद नाही. मग मी खिशातून टेप काढतो. ती आता माझ्याकडे असते. एक टोक ते धरतात, एक मी, आणि त्यांचा श्वास परतेपर्यंत आम्ही सावकाश पायऱ्या मोजत बसतो. गर्दी दोन्ही बाजूंनी चिडून निघून जाते. दरवेळी सहा इंचच भरतात.

"उंच केल्यात," मी म्हणतो.

"तेच म्हणत होतो मी," ते म्हणतात.