मटण न चाखणारे रंगनाथमामा

रंगनाथमामांनी उभ्या आयुष्यात हजारो माणसांना मटण करून घातलं आणि स्वतः त्यातलं बोटभरही कधी चाखलं नाही. चौसाळ्यापासून पालीपर्यंत कुणाकडे नवसाचं बोकड कापून गावाला जेवू घालायची कंदुरी असो, की लग्न पार पडल्यावरचं मटणाचं जेवण असो, चुलीपुढे मामाच असत. डेगीवरचं झाकण थोडं सारून ते डोळे मिटायचे, वाफ नाकात घ्यायचे आणि म्हणायचे, "मूठभर मीठ कमी हाय." मूठभर टाकलं की रस्सा बरोबर व्हायचा. "मामा, तुमी खात कावून न्हाई?" असं कुणी विचारलं, तर हातातली पळी न थांबवता सांगायचे, "शेळ्या राखल्यात म्या ल्हानपणी. नाव घेऊन हाक मारली की पळत यायच्या. हाकंला ओ देणाऱ्याला खाऊ कसं?" विचारणारा हसायचा आणि ताट घेऊन पंगतीत जाऊन बसायचा.

चौसाळ्यात माझी रक्त-लघवी तपासायची छोटी लॅब आहे. ती सुरू करून वर्षही झालं नव्हतं, तेव्हा मामा पहिल्यांदा आले. धोतर, डोक्याला टापशी, अंगाला फोडणीचा वास. त्यांनी एका धिप्पाड माणसाचा दंड धरून त्याला खुर्चीवर बसवलं. तो त्यांचा धाकटा भाऊ, सुभाष. "लॅबवाले, ह्याची साखर बघा," मामा म्हणाले.

"डॉक्टरांची चिठ्ठी आहे का?"

"चिठ्ठी न्हाई. काल कंदुरीत जेवताना ह्यानं चार तांबे पाणी पिलं आन तीनदा पंगतीतून उठला. माझ्या रश्शात येवढं तिखट नसतं."

सुभाष हसत होता. "आण्णाला काई बी दिसतं. उन्हाळा हाय म्हणून पिलं पाणी." त्याचं वय तेव्हा चाळीस-बेचाळीस असेल. पिळदार मिशा, पांढरे कपडे, खिशात दोन मोबाइल. इथल्या एका पुढाऱ्याची गाडी तो चालवायचा. मी रक्त घेतलं. साखर तीनशेच्या पुढे निघाली. कागद हातात घेऊन मामा बराच वेळ त्याकडे बघत राहिले. त्यांना वाचता येत नव्हतं.

पुढे ओळख वाढत गेली, तसं त्या दोघांचं मागचं आयुष्य मला तुकड्यातुकड्यानं कळलं. वडील दुष्काळात गेले तेव्हा मामा पंधरा वर्षांचे होते आणि सुभाष जेमतेम चार वर्षांचा. शेळ्या विकाव्या लागल्या. घरात हुलगे, म्हणजे कुळीथ, तेवढे उरले होते. सकाळी हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं, संध्याकाळी हुलग्याचे शेंगोळे, कधी नुसतेच उकडलेले हुलगे. शेजारी कुणाकडे मटण शिजलं की सुभाष त्यांच्या दाराशी जाऊन उभा राहायचा. एकदा तिथून त्याला हाकलून दिलं. त्याला कडेवर घेऊन घरी आणताना मामांनी मनाशी ठरवलं की मटण करायला शिकायचं. एका म्हाताऱ्या आचाऱ्याच्या हाताखाली ते लाकडं फोडायला राहिले. पहिल्या जेवणावळीत त्यांनी स्वतःच्या वाट्याचं मटण पानात बांधून आणलं. ते खाताना सुभाष एक शब्दही बोलला नव्हता, असं मामा सांगायचे. "तोंडात घास आन डोळ्यांत पाणी. तवाच म्हणलं, ह्या लेकराला परत हुलगे दिसू द्यायचे न्हाईत."

आणि त्यांनी ते पाळलं. कुठेही डेग चढली तरी काळीज आणि नळीचे तुकडे आधी सुभाषसाठी बाजूला निघायचे. यजमानही त्याला नाही म्हणायचे नाहीत. सुभाष वाढला, भरला, कुस्त्या खेळला. पुढे कुस्ती सुटली, गाडी आली, दिवसदिवस बसून राहणं आलं, साहेबांबरोबर हायवेवरच्या ढाब्यांवरचं जेवण आलं. मटण मात्र रोजचंच राहिलं, दुपारी ढाब्यावर आणि रात्री आण्णाच्या डब्यातलं.

रिपोर्ट घेऊन मी त्या दोघांना बीडच्या एका डॉक्टरांकडे घेऊन गेलो. डॉक्टर शांत स्वभावाचे होते, समजावून सांगणारे. ते म्हणाले, "एकट्या मटणानं साखर होत नाही. वजन, बसून काम, घराण्यात कुणाला असणं, सगळं मिळून होतं. पण रोज मटण खाणाऱ्यांना धोका जास्त दिसतो. त्याच्या जागी डाळी, मटकी, हुलगे, मूठभर शेंगदाणे, ताक असं ठेवलं तर तो कमी होतो. अंगाला ताकद तेही देतात. मटण सणासुदीला खा, आणि गोळ्या मात्र चुकवू नका."

मामांनी एवढं सगळं ऐकलं, पण त्यांच्या कानात एकच शब्द राहिला. परतताना एसटीत ते खिडकीकडे तोंड करून बसले होते. पाली मागे गेलं तेव्हा म्हणाले, "लॅबवाले, म्हंजे म्याच घातलं की त्याला."

"असं नाही म्हणाले डॉक्टर."

"त्यांनी सगळं सांगितलं. त्यात मटण बी सांगितलं. मटण कुणी घातलं?"

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी सुभाषच्या घरी स्वतः स्वयंपाक सुरू केला. सुभाषची बायको, कमलमामी, सगळं बघत बाजूला उभी असायची. मामांनी हुलगे भाजले, दळले, लसणाची फोडणी दिली आणि शेंगोळे केले. ताट पुढे आलं तसं सुभाषनं ते हातानं सरकवलं. हे मला मामांनीच सांगितलं, लॅबच्या बाकावर बसून, एखाद्या परक्याची गोष्ट सांगावी तसं. सुभाष म्हणाला होता, "आण्णा, मला परत गरीब करतो का?"

ज्या अन्नाला गरिबी म्हणायचं मामांनीच त्याला शिकवलं होतं, तेच आता औषध म्हणून त्याच्यापुढे ठेवायचं होतं. तरी ते रोज करत राहिले. मटकीची उसळ, मुगाचं वरण, ताकातली पालेभाजी. सुभाष घरी दोन घास खायचा आणि बाहेर ढाब्यावर हवं ते खायचा. गोळ्या गाडीच्या कप्प्यात पडून राहायच्या. दर दोन-तीन महिन्यांनी मामा त्याला धरून आणायचे आणि मशीनवरचा आकडा मी तोंडानं सांगण्याआधीच माझ्या चेहऱ्यावरून ओळखायचे.

त्या वर्षांत मामांना एक नवी सवय लागली. जेवणावळ सुरू झाली की पळी दुसऱ्याच्या हातात देऊन ते पंगतीमधून फिरायचे, कोण किती पाणी पितं, कोण वारंवार उठतं, कुणाच्या पायाची जखम भरत नाही हे बघत. सोमवारी असा एखादा माणूस घेऊन माझ्या दारात उभे राहायचे. "ह्याचं बघा," एवढंच म्हणायचे. आमच्या भागातल्या कितीतरी माणसांची साखर वेळेवर कळली ती अशी, एका आचाऱ्यामुळे. तपासणी झाली की मामा त्या माणसाला बाहेर झाडाखाली नेऊन सांगायचे, "माझ्या हातचं आवडतं ना? मग महिन्यातून एकदा ये. रोज खाशील तर माझा हात तुला पचायचा न्हाई." पुष्कळांनी ऐकलं. त्यातले काहीजण आजही माझ्याकडे येतात, धडधाकट आहेत. ज्याच्यासाठी ही नजर आली होती तो मात्र ऐकत नव्हता.

सुभाषच्या पायाला नवी चप्पल लागली. जखम छोटी होती. त्यानं ती आठ-दहा दिवस मोज्यात लपवली. वास येऊ लागला तेव्हा कमलमामीनं मोजा ओढून काढला. संभाजीनगरला नेलं, तोवर पाय गुडघ्याखाली काढण्यावाचून इलाज उरला नव्हता. गाडी सुटली. साहेब एकदा भेटून गेले, मग आले नाहीत. खाटेवरचा सुभाष हळूहळू वाळत गेला आणि त्याच्या तोंडावर ते जुनं, चार वर्षांच्या पोराचं काहीतरी दिसू लागलं, असं मामा म्हणायचे.

एके सकाळी सुभाष आपणहून म्हणाला, "आण्णा, शेंगोळे कर."

मामा धावत माझ्याकडे आले. एवढं खूश झालेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. पण आदल्याच दिवशी सुभाषचे नवे रिपोर्ट निघाले होते. किडन्या थकल्या होत्या. मी डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "आता डाळी-कडधान्यंही बेतानंच. अगदी थोडं द्या." फोन खाली ठेवून मी मामांना ते सांगितलं. मामा बाकावर बसले. हातातली हुलग्यांची पिशवी त्यांनी मांडीवर घेतली.

"बारा-तेरा वर्ष म्या म्हणलो खा, तवा त्यानं खाल्लं न्हाई," ते म्हणाले. "आता त्यो म्हणतो दे, तर मी बेतानं देऊ?"

त्यांनी वाटीभर शेंगोळे केले आणि भरवले. सुभाषनं चार घास खाल्ले आणि म्हणाला, "लई ग्वाड लागतं रे. ल्हानपणी बी असंच लागायचं का?" मामा हो म्हणाले. त्यानंतर महिनाभरात, डायलिसिस सुरू करायचं चाललं असतानाच, सुभाषचं हृदय थांबलं.

मामांनी पळी खाली ठेवली. बोलावणी यायची, ते हात जोडायचे. दिवसभर सुभाषच्या घराच्या ओट्यावर बसून राहायचे. मला राहवेना. मी सामान घेऊन तिथं गेलो आणि नको नको म्हणत असताना त्यांचं रक्त घेतलं. इतक्या वर्षांत त्यांनी स्वतःची तपासणी कधीच करू दिली नव्हती. साखर निघाली. फार नव्हती, पण होती.

खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. मी तसाच रिपोर्ट घेऊन त्यांच्याकडे गेलो. म्हणालो, "मामा, हे बघा. तुम्ही मटण कधी तोंडात घातलं नाही. रोज चालता, अंगात चरबी नाही, तरी तुम्हाला आली. म्हणजे ही तुमच्या घराण्यातच आहे. सुभाषमामांना ती तशीही आली असती."

मामांनी कागद घेतला, उलटसुलट बघितला, घडी घालून परत माझ्या हातात दिला.

"मला कितव्या वर्षी आली, लॅबवाले?"

"पासष्टीत."

"आन त्याला?"

मी रिपोर्टाची घडी खिशात सरकवली.

"चाळिशीत," मामा म्हणाले. "मधली पंचवीस वर्षं त्याची कुणी खाल्ली?"

मी किती वर्षं हा धंदा करतोय. पण अशा हिशेबात खात्रीनं कुणालाच काही सांगता येत नाही, आणि खात्री नसलेली गोष्ट मामांना सांत्वन म्हणून देता येत नव्हती. गोळ्या चालू करू, एवढं म्हणून मी उठलो. त्यांनी गोळ्या नेमानं घेतल्या. दोन वर्षांनी न्यूमोनियानं चार दिवसांत गेले.

दहाव्याला मी गेलो होतो. माणसं पांगल्यावर कमलमामी आत जाऊन चहा घेऊन आली, बिनसाखरेचा. समोर बसली. पदराशी चाळा करत म्हणाली, "तुमाला एक सांगते. कुणाला सांगितलं न्हाई."

मी कप खाली ठेवला.

"हे जायच्या आदल्या दिवशी माझ्यापाशी बोलले. म्हणले, आण्णाला सांग, त्याच्या हातचं मिळालं म्हणून मी जगलो. न्हाईतर चार वर्षांचाच गेलो असतो. त्यानं मनाला लावून घेऊ नये, असं सांग."

"मग?" मी विचारलं. "सांगायचं राहून गेलं?"

तिनं मान हलवली. ओट्यावरच्या मोकळ्या जागेकडे बघत ती म्हणाली, "राहून न्हाई गेलं. आण्णा रोज समोर बसलेले असायचे, दोन वर्षं. मीच न्हाई सांगितलं. मला बी त्यांचाच राग होता."