पाणी बंद करण्यापूर्वी

वेबसाइटच्या पानाची चाचणी सुरू झाली की डॉक्स काका बोलत नसत. समोरचा माणूस अडखळो, चुको, हातातला स्क्रू ड्रायव्हर पायावर पाडून घेवो. ते स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाहेर बघत बसत. फारच गयावया केली तर म्हणत, "मी इथं नाही. तुम्ही घरी एकटे आहात आणि बाहेर बर्फ पडतोय."

ते नेपरव्हिलला राहत. यंत्रांच्या एका कंपनीत त्यांनी आयुष्यभर मॅन्युअल लिहिली होती. निवृत्तीनंतर आमच्या मराठी मंडळाची माहितीची वेबसाइट ते सांभाळत. ‘डॉक्स’ हे नाव त्यांना मंडळातल्या मुलांनी दिले होते, डॉक्युमेंटेशनवरून. परदेशात नव्याने आलेल्या माणसाला जे कुणी सांगत नाही ते त्या साइटवर असे: घर गरम ठेवणाऱ्या फर्नेसचा फिल्टर कसा बदलावा, गोठलेले गाडीचे दार कसे उघडावे. साइट अगदी साधी होती. एक पान म्हणजे एक टेक्स्ट फाइल. ती लिहायची, ठरलेल्या फोल्डरमध्ये ठेवायची, मेन्यूत तिचे नाव घालायचे आणि साइट नव्याने चढवायची. मेन्यूचे लोक हमखास विसरत. काका म्हणत, "पान घरात आहे, पण दाराला बेल नाही."

मी पुण्याला एका दैनिकात उपसंपादक होते, म्हणून पानांची भाषा तपासणे माझ्याकडे आले. पण मी तपासले म्हणून पान चढत नसे. त्यातले काहीही येत नसलेल्या माणसाने काकांच्या घरी यायचे आणि पान वाचत वाचत ते काम करून दाखवायचे. तो जिथे अडेल तिथे चूक पानाची, आणि तिथे एक ओळ वाढायची. मग चहा.

फिल्टरच्या पानाला नागपूरचा निखिल आला होता. थंडीचा त्याचा पहिलाच अनुभव. फिल्टर हातात घेऊन तो बेसमेंटमधून ओरडला, "काका, हा ॲरो कुठल्या साइडला?"

वर काका खिडकीतून बाहेर बघत होते.

"अहो काका, सांगा ना यार!"

"मी इथं नाही."

"मग चहा कोण करणार आहे?"

काका हसले, पण सांगितले नाही. निखिलने फिल्टर उलटा बसवला. त्या पानावर बाणाच्या दिशेची ओळ अजून आहे.

काकू गेल्या तेव्हा साइट अर्धीच झाली होती. त्यानंतरच्या हिवाळ्यात पाने भराभर वाढली. दर शनिवारी कुणी ना कुणी चाचणीला येई. पुढे विषय संपत आले. काकांनी मग मायक्रोवेव्हचे घड्याळ लावण्यावर पान लिहिले, आणि घडीच्या खुर्च्या मिटण्यावरही. मंडळाची सेक्रेटरी मृणाल एकदा वैतागली. "काका, हे कुणीही ग्रुपवर विचारेल, दोन मिनिटांत आन्सर मिळेल. एवढ्यासाठी ड्राइव्ह करून कोण येणार?"

"उत्तर मिळतं खरं," काका म्हणाले आणि खुर्च्या मिटू लागले.

त्या घरात कुणी येण्याचे चाचणी हे एकच निमित्त उरले होते. हे सगळ्यांना कळत होते. तरी येणे कमी होत गेले, आणि काही शनिवारी काका पान तयार ठेवून बसून राहत. चाचणी न झालेली पाने त्यांनी कधी चढवली नाहीत. ती फाइल बनून पडून राहिली.

मग ते घरासमोर ड्राइव्हवेवर बर्फावरून घसरले. मनगटावर निभावले, पण दूर प्लेनो शहरात राहणारी त्यांची मुलगी आता ऐकायला तयार नव्हती. ते तिच्याकडे जाणार आणि घर विकले जाईपर्यंत हिवाळाभर बंद राहणार, असे ठरले. निघण्याच्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. "नवं पान आहे. ‘हिवाळ्यात घर बंद करताना’. तुम्ही अपार्टमेंटमध्ये राहता, तुम्हाला यातलं काही येत नसणार."

येत नव्हते. मी गेले. ते खिडकीपाशी बसले आणि मी वाचायला सुरुवात केली. पहिली पायरी: पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करा, नाही तर गोठून पाइप फुटतात. बेसमेंटमधून मी विचारले, "काका, लाल हँडलचा हाच ना?"

"मी इथं नाही," ते सवयीने म्हणाले. पुढचे वाक्य मात्र बोलले नाहीत.

घरातले सगळे नळ उघडून मी पाइप रिकामे केले. हीटिंग कमीत कमी ठेवले, बंद केले नाही. फ्रिजचे दार किलकिले ठेवून फटीत टॉवेल अडकवला. काकूंच्या शिवणयंत्रावर चादर होती. पानात त्याचा उल्लेख नव्हता, म्हणून मी हात लावला नाही.

"कुठंही अडला नाहीत," काका शेवटी म्हणाले. त्यांचा चेहरा पडला होता. उठून त्यांनी चहाचे पातेले नळाखाली धरले. नळातून हवेचा फुसका आवाज आला, आणि काही नाही.

काका पातेले तसेच धरून उभे राहिले.

"व्हॉल्व्ह परत उघडू का?" मी विचारले.

"नको. तुम्हाला सगळं पुन्हा रिकामं करत बसावं लागेल." पातेले ओट्यावर ठेवून त्यांनी लॅपटॉप उघडला, पायऱ्या एकेक क्रमांकाने खाली सरकवल्या आणि सर्वांत वर नवी ओळ घातली. मला वाचून दाखवली: "पाणी बंद करण्यापूर्वी चहा करून घ्यावा. कुणी आले असेल तर दोन कप."

"मेन्यूत घातलंत?"

"घातलं."

संध्याकाळी मुलगी येऊन त्यांना घेऊन गेली. साइट माझ्याकडे आली. अलीकडे मंडळातल्या एका नव्या मुलाचा निरोप आला, तो भारतात जाण्याआधी घर बंद करायची तयारी करत होता: पेज मस्त आहे, पण पहिली स्टेप चहाची कशाला, डिलीट करू का? मी प्लेनोला फोन लावला.

काकांनी विचारले, "त्यानं पान एकट्यानं वाचलं का?"

"हो."

"मग चाचणी झालीच नाही. त्याला घरी बोलवा."

शनिवारी तो आला. ते पान माझ्या अपार्टमेंटला लागू नव्हते. मी दुसरे काढून दिले, न चढलेल्या फायलींमधले. तो वाचू लागला, आणि मी खिडकीतून बाहेर बघत बसले.