भिंतीवरच्या रेघा

माझे सासरे रंगारी. चाळीस वर्षं लोकांची छतं रंगवून उजवा खांदा झिजला, तो बदलावा लागला. मग व्यायाम मिळाला: भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा. जिथवर पोचेल तिथे ते रोज डाव्या हाताने पेन्सिलीची रेघ मारत. दीड महिन्यात रेघा पार डोक्याच्या वर गेल्या.

व्यायाम शिकवणाऱ्या बाई बघायला आल्या. म्हणाल्या, "काका, टाचा उचलताय की हो!"

सासऱ्यांचं तोंड एवढंसं झालं. बाई जाताच त्यांनी फडकं घेऊन सगळ्या रेघा पुसायला घेतल्या.

"अहो बाबा, अर्ध्या तरी राहू द्या!" मी म्हटलं.

"ओल झाकून वरून रंग मारणाऱ्यांना जन्मभर शिव्या घातल्यात मी!" ते कडाडले. मग टाचा घट्ट टेकवून त्यांनी पुन्हा पहिली रेघ मारली. छातीपाशी.